वाघीण बरोबर आहे, पण कोणत्या सालची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून तुम्हाला या छंदाची लागण झाली. अमेरिकेतून कायमचे परतलेल्या एका गृहस्थांकडून तुम्ही एचओ स्केलच्या (खऱ्याच्या सुमारे १/८७ आकाराच्या) १४ मालवाघिणी घेतल्या. प्रत्येक खोक्यावर ‘स्टीम एरा’ असं छापलेलं आहे. तुम्हाला देखावा करायचाय तो पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अल्टूनाचा, १९४८ सालच्या पानगळीतला. यातल्या किती वाघिणी चालतील? आणि लोक म्हणतात तसं ‘रिव्हेट मोजत बसणं’, म्हणजे इतक्या बारीकसारीक तपशिलांत शिरणं, खरंच गरजेचं आहे का?

फोटो नीट पाहिले. सहा जशाच्या तशा चालतील, तीन थोड्या हातकामानंतर, पाच अजिबात नाहीत. कारणं सांगतो, म्हणजे पुढची खरेदी करताना तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

‘स्टीम एरा’ या शब्दांनी काहीच कळत नाही. पेनसिल्व्हेनियाची शेवटची वाफेची गाडी १९५७ साली थांबली. नॉरफोक अँड वेस्टर्नने तर १९६० पर्यंत वाफ सोडली नाही. मागे जाल तर शंभर वर्षं. या काळात वाघिणी लाकडाच्या होत्या, मग अर्ध्या लाकडाच्या झाल्या, मग पूर्ण पत्र्याच्या. ‘शिवकालीन’ म्हणून खपवलेल्या नाटकातल्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावं, तसं या खोक्यांतून निघतं. म्हणून पहिलं काम: साल नव्हे, महिना ठरवा. माझ्या लेआउटवर, म्हणजे रुळांच्या देखाव्यावर, बारा महिने ऑक्टोबर १९४९ असतो. तुमचा ऑक्टोबर १९४८ धरू. आपल्यात फक्त एका वर्षाचं अंतर, तरी माझ्याकडच्या सात वाघिणी तुमच्या घरी पाहुण्या म्हणूनसुद्धा येऊ शकत नाहीत, कारण तेव्हा त्या जन्मालाच आलेल्या नव्हत्या.

हे कसं ओळखायचं? वाघीण स्वतःच सांगते. भिंग घ्या आणि बाजूवरची बारीक अक्षरं वाचा. कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर यांच्याखाली तीन ओळी दिसतील: क्षमता, भाराची मर्यादा, रिकामं वजन. त्या वजनाशेजारी एक तारीख असते. वाघीण नवी असेल तर ‘न्यू’ आणि महिना-साल. जुनी असेल तर शेवटचं वजन कुठे आणि कधी झालं त्या ठिकाणाची खूण आणि महिना-साल. लाकूड झिजतं, दुरुस्त्या होतात, रिकामं वजन बदलतं, आणि भाडं तर वजनावर ठरतं. म्हणून ठरावीक काळाने वाघीण पुन्हा काट्यावर चढायची. आपल्याकडच्या वाघिणींवर रिटर्नची तारीख रंगवतात, तिची ही लांबची बहीण समजा. दाराच्या उजवीकडे खाली कधीकधी बांधणीची तारीख वेगळीही असते. या सगळ्यांत जी तारीख सगळ्यात अलीकडची, ती तुमच्या ऑक्टोबर १९४८ च्या आधीची हवी. बस. या एका कसोटीवर पुलमन-स्टँडर्ड कंपनीची तुमची ती देखणी पीएस-१ बॉक्सकार (चारी बाजूंनी बंद वाघीण) गळते. पीएस-१ ही जात १९४७ पासूनची, त्यामुळे जात म्हणून ती चालली असती. पण तिच्या अंगावर ‘न्यू ५-५१’, म्हणजे मे १९५१, लिहिलंय.

उलट्या दिशेनेही बघावं लागतं, म्हणजे तुमच्या तारखेपर्यंत काय नाहीसं झालेलं होतं ते. पिवळीधमक बिअरच्या जाहिरातीची ती बर्फगाडी तुम्हाला फार आवडलीय हे फोटोंच्या संख्येवरूनच कळलं. सगळ्यांनाच आवडते, म्हणून उत्पादक ती काढत राहतात. पण भाड्याच्या बर्फगाडीवर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात रंगवणं म्हणजे त्या गिऱ्हाइकाला छुपी सवलत देणं, असं ठरवून अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ साली या प्रकारावर बंदी आणली, आणि १९३७ उजाडेपर्यंत त्या रंगातल्या गाड्या रुळांवरून नाहीशा झाल्या. १९४८ च्या अल्टूनात ती म्हणजे भूतच.

बाद झालेल्या उरलेल्या तीन भराभर सांगतो. पेनसिल्व्हेनियाची जी पत्र्याची वाघीण आहे, तिच्यावरच्या कीस्टोनला, म्हणजे कंपनीच्या चिन्हाला, सावली आहे. ती सावलीची पद्धत १९५४ ची. दुसरी एक बॉक्सकार, जिच्या छपरावर चालायची फळी नाही आणि टोकाची शिडी अर्ध्यातच संपते, ती १९६६ नंतरच्या नियमांनी बदललेली. तुमच्या काळात ब्रेकमन छपरावरूनच चालत होता. फळी नसती तर तो गेला असता कुठून? आणि ज्या हॉपरवर (तळातून रिकामी होणाऱ्या कोळशाच्या वाघिणीवर) काळ्या चौकटीत बारीक मजकूर आहे, ती चौकट १९७० च्या दशकातली. ती पूर्ण खरवडून रंगवण्यापेक्षा विकून टाका.

हातकामाच्या तीन: न्यूयॉर्क सेंट्रलच्या बॉक्सकारवर रंगीत पट्ट्यांचं लेबल आहे ना, ते १९६७ च्या सुमारास आलेलं मशीनने वाचायचं लेबल. सेलो टेप आणि थोडा धीर, निघून जाईल. उरलेल्या दोघींचं दुखणं चाकांच्या गाड्यात आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं, कारण नवखा माणूस नेमकं तिथेच बघत नाही.

अमेरिकन ज्याला ट्रक म्हणतात ती आपली बोगी. तुमच्या दुहेरी फळ्यांच्या जुन्या लाकडी बॉक्सकारखाली पट्ट्या वाकवून बोल्टांनी जोडलेली ‘आर्च बार’ बोगी आहे. दिसायला झकास. पण बोल्ट सैल होत, पट्ट्या तुटत आणि गाडी घसरे; म्हणून १९४० च्या आसपास अशा वाघिणींना एका रेल्वेकडून दुसरीकडे जायला मज्जाव झाला. कंपनीच्या स्वतःच्या हद्दीत, रुळांच्या देखभालीच्या ताफ्यात त्या पुढेही दिसत. म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: ओतीव बाजूंची बोगी बसवा, किंवा त्या वाघिणीला करडा रंग देऊन कामगारांच्या हत्यारांची गाडी करा आणि कोपऱ्यातल्या साइडिंगला उभी करा. मी दुसरी वाट घेतली असती.

हातकामाची तिसरी म्हणजे एक हॉपर, तिची चूक उलट आहे. तिला रोलर बेअरिंगची बोगी लागलीय, आसाच्या टोकाला फिरणारी टोपी दिसते. १९४८ साली मालवाघिणींत रोलर बेअरिंग अपवादानेच. सर्वसाधारण वाघिणीचा आस पितळी बेअरिंगखाली फिरायचा, आणि खालच्या लोखंडी डबीत तेलात भिजवलेला सुताचा चोथा भरलेला असायचा. डबीला बिजागरीचं झाकण. तेल संपलं की डबी तापून धूर निघायचा, तो प्रसिद्ध ‘हॉट बॉक्स’. यातूनच रंगकामाची एक गोष्ट निघते, जी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांच्या हमखास चुकते. ते सगळे चाकांना नारिंगी गंज चढवतात. नारिंगी चाकं रोलर बेअरिंगच्या काळातली! तुमच्या काळात त्या डबीतून तेल सतत पाझरायचं, चाकावर पसरायचं, त्यावर धूळ आणि कोळशाची भुकटी बसायची. चाकाचं तोंड काळपट, ओलसर, चिकट दिसायला हवं; पोळ्यांच्या जुन्या तव्याची कड आठवा. फक्त रुळाला टेकणारा भाग चकचकीत.

आता वाघिणीच्या शरीराकडे. रिव्हेटांचं बोलण्याआधी उंची बघा, कारण ती सहा फुटांवरूनही दिसते. पेनसिल्व्हेनियाची एक्स-२९ ही पत्र्याची बॉक्सकार १९२४ पासून दहा वर्षांत तीस हजारांच्या घरात बांधली गेली. आतली उंची ८ फूट ७ इंच. १९३७ च्या प्रमाण आराखड्यात ती १० फूट झाली, आणि युद्धाच्या आगेमागे १० फूट ६ इंच. म्हणजे एक्स-२९ आणि युद्धानंतरची बॉक्सकार शेजारी लावली तर २३ इंचांचा फरक. एचओमध्ये भागा ८७.१ ने, जवळजवळ ७ मिलिमीटर. त्या काळच्या मालगाडीचं कोणतंही छायाचित्र काढा, छपरांची रेघ सतत खालीवर होताना दिसेल. एकाच कारखान्याच्या एकाच साच्यातून निघालेल्या वाघिणी लावल्या की ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ येते, आणि कितीही डिकॅल (चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं) लावा, गाडी खेळण्यातलीच वाटते. तुमच्या सहा चांगल्यांत एक एक्स-२९ आहे, गोलातल्या साध्या कीस्टोनची. तिला जपा. आणखी दोन मिळाल्या तर घ्या.

एक्स-२९ चा एक बारकावा माझा फार लाडका. आतल्या लाकडी अस्तरामागे ओल धरून राहायची आणि बाजूच्या पत्र्याची खालची कड गंजून खाल्ली जायची. मग कंपनीने तेवढीच कड कापून खाली नवीन पत्र्याची पट्टी मारली, बाहेरून, रिव्हेटांनी. साडीला फॉल लावावा तशी. १९४८ साली अशा ठिगळाच्या बऱ्याच फिरत होत्या. ०.२५ मिलिमीटरच्या स्टायरीन प्लास्टिकची पट्टी आणि रिव्हेटांचं डिकॅल, एका संध्याकाळचं काम. पण खोक्यातून काढलेली वाघीण आणि जगलेली वाघीण यांतला फरक त्या पट्टीने दिसतो.

उंचीनंतर टोकं आणि छप्पर. टोकाच्या पत्र्यावरच्या लाटा हा तर वाघिणीचा चेहराच. एक्स-२९ च्या आरंभीच्या खेपांना टोक सपाट पत्र्याचं. नंतर ‘ड्रेडनॉट’ म्हणतात ती जाड लाटांची टोकं आली. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचं सुधारलेलं रूप, ज्यात जाड लाटांच्या मधेमधे बारीक लाटा असतात. एखाद्या मॉडेलचं टोक १९४५ नंतरचं आणि बाजूवर ‘बिल्ट १९३७’ लिहिलेलं असेल तर तिथे कारखानदाराने एकाच साच्यावर सगळ्यांचे कपडे चढवलेत, एवढं समजावं.

पोटाखालचे ब्रेक. १९३३ पासून नव्या वाघिणींना ‘एबी’ ब्रेक सक्तीचा झाला. त्यात तीन वस्तू वेगवेगळ्या लटकतात: सिलिंडर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह. त्याआधीच्या ‘के’ ब्रेकमध्ये बहुतेकदा तिन्ही एकापुढे एक जोडून एकच लांबट अवयव दिसतो. ‘के’ला हद्दीबाहेर जाण्याची पूर्ण बंदी १९५३ साली आली. त्यामुळे तुमच्या १९४८ मध्ये दोन्ही प्रकार कायदेशीर. पत्र्याच्या नव्या वाघिणीला ‘के’ दिसला तर चूक. १९२० च्या दशकातलीला दोन्हींपैकी काहीही चालेल. हे कोण बघणार, असं मनात आलं असेल. बाजूने पाहताना टाकी आणि सिलिंडर खालून डोकावतात, ते दिसतं. मधल्या सळया आणि तरफा मात्र मी स्वतः सहाव्या-सातव्या वाघिणीनंतर करणं सोडून दिलं.

युद्धाची खूण म्हणून तुमच्याकडे फळ्यांच्या बाजूंची हॉपर आहे, ती योग्य. १९४३ च्या सुमारास पोलाद रणगाड्यांकडे वळलं, तेव्हा हॉपर आणि बॉक्सकार पुन्हा लाकडाच्या बांधाव्या लागल्या. पुढे अनेकींना पत्रे बसले, पण १९४८ मध्ये फळ्या शोभतात. सांता फेची नकाशावाली बॉक्सकारही त्याच दशकातली. काळी टँकगाडी, पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसची नारिंगी बर्फगाडी, जनावरांची गाडी, या तिघीही ठीक. जनावरांच्या गाडीच्या खालच्या अर्ध्या भागावर चुन्याचे फटकारे मारा. जंतुनाशक म्हणून आतून चुना मारत आणि तो फटींतून बाहेर ओघळत असे.

आता जे सांगतो ते मला एका माणसाने शिकवलं. मी तीसेक वर्षं पिट्सबर्गच्या बाजूला राहतो. सुरुवातीच्या काळात एक वयस्कर शेजारी, जे पेनसिल्व्हेनियाच्या कॉनवे यार्डात वाघिणी तपासण्याचं काम करून निवृत्त झाले होते, माझा लेआउट बघायला आले. मी ४० वाघिणींची गाडी फिरवली. ४० वाघिणी, ३७ वेगवेगळ्या कंपन्या. प्रत्येकीची बोगी, ब्रेक, तारीख मी ताडून घेतलेली. त्यांनी दोन फेऱ्या शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, “आमच्या गाड्या कुठे गेल्या?”

मी सर्कस बांधली होती. एकेक वाघीण खरी, पण गाडी खोटी.

अमेरिकेत तेव्हा सगळ्या रेल्वेंच्या वाघिणी एकमेकींच्या रुळांवर फिरत. दुसऱ्याची वाघीण आपल्याकडे थांबली की रोजाचं भाडं द्यायचं. रिकामी वाघीण घराच्या दिशेने माल भरून पाठवायची, असे नियम होते, पण युद्धानंतरच्या टंचाईत जी हाताशी येईल ती भरत. जुन्या गार्डांच्या वह्यांतल्या हजारो नोंदी काही हौशी संशोधकांनी जुळवल्या, त्यातून निघालेला ठोकताळा असा: मुख्य मार्गावरच्या गाडीत बॉक्सकारचं प्रमाण साधारणपणे देशभरातल्या मालकीच्या प्रमाणात असतं, वर स्वतःच्या कंपनीच्या थोड्या जास्त. कोळशाच्या हॉपरचं तसं नाही. त्या खाण आणि गिऱ्हाईक यांच्यात येरझाऱ्या घालतात, घर सोडून फारशा जात नाहीत. पेनसिल्व्हेनियाकडे देशातल्या वाघिणींचा जवळपास दहावा हिस्सा होता. तेव्हा अल्टूनात कोळशाची गाडी केलीत तर जवळजवळ सगळ्या हॉपर पेनसिल्व्हेनियाच्याच हव्यात. मिश्र मालगाडीतल्या १५ बॉक्सकारपैकी तीन-चार पेनसिल्व्हेनिया, दोन न्यूयॉर्क सेंट्रल, मग सांता फे, मिलवॉकी, बर्लिंग्टन, बाल्टिमोर अँड ओहायो अशा मोठ्या घराण्यांतल्या एकेक. सुंदर चिन्हाची, दीडशे मैलांची एखादी छोटी रेल्वे? वर्षातून एकदा येऊ द्या.

हे आकडे काढायचं साधन म्हणजे ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक नंबरमालिकेची लांबी, उंची, दाराची रुंदी, क्षमता आणि वाघिणींची संख्या त्यात ओळीने दिलेली असते. जानेवारी १९५३ च्या अंकाचं पुनर्मुद्रण नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने केलेलं आहे, जुन्या बाजारात सापडतं. तुमच्यासाठी ते चार वर्षं पुढचं, तेव्हा त्यातली मालिका १९४८ नंतर बांधलेली नाही ना, हे वेगळं तपासा.

रंगासाठी मात्र पुस्तकापेक्षा डोळे. जॅक डेलानो या छायाचित्रकाराने १९४२-४३ मध्ये सरकारी कामासाठी शिकागोच्या यार्डांची कोडाक्रोमवर रंगीत छायाचित्रं काढली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ती फुकट, मोठ्या आकारात आहेत. प्रोव्हिझो यार्डाचं एक चित्र पूर्ण पडद्यावर उघडा आणि अर्धा तास बघत बसा. तांबडा म्हणून जो रंग आपण बाटलीतून ओततो, तो तिथे वीस छटांत दिसतो, आणि जवळपास सगळ्यांवर काजळी. वाफेच्या इंजिनांमागे धावणारी वाघीण वरून काळी पडते, छपरावर सगळ्यात जास्त. त्या काळोखीत दोनच जागा उजळ: नुकतंच वजन झालेल्या वाघिणीवर तेवढाच ताजा रंग मारलेला आयत, आणि खडूच्या खुणा. शंटिंगवाले खडूने बाजूवर आकडे, बाण, काय वाटेल ते लिहीत. टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने चार-पाच रेघोट्या ओढा. दारावरच्या लाकडी फळकुटावर कागदाचे बारीक कपटे चिकटवा, ती गंतव्याची कार्डं. या दहा मिनिटांच्या कामाने जेवढा काळ उभा राहतो, तेवढा दोनशे रिव्हेटांनी राहत नाही.

रिव्हेटांवर तर आलोच. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रिव्हेट मोजू नका, रिव्हेटांच्या रांगा बघा. बाजूचा पत्रा किती तुकड्यांचा हे त्या रांगांवरून कळतं, आणि ते चुकलं तर वाघीणच वेगळी होते. एका रांगेत ३८ की ४१, यात मी पडत नाही. त्यापेक्षा चढताना धरायच्या, साच्यात ओतलेल्या जाड दांड्या तासून तारेच्या बसवा. खरी दांडी पाऊण इंच, म्हणजे एचओमध्ये ०.२२ मिलिमीटर. ०.३ ची फॉस्फर ब्राँझची तार जाडच, पण हाताळताना टिकते, आणि दांडीमागे सावली पडते.

सुरुवात बोग्या बदलण्यापासून करा. जुन्या बोग्यांचे स्क्रू फेकू नका. अमेरिकन मॉडेलमध्ये बहुधा २-५६ मापाचा स्क्रू असतो. तुमच्याकडे दुकानात मिळणारा २ मिलिमीटरचा त्याच भोकात सैल बसतो, आणि तिसऱ्या वळणावर वाघीण पुढे जाते, बोगी मागे राहते.